कंपन्यांचं कार्बनचं गणित: पर्यावरण कार्यकर्तीला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सभा संपल्यावर, ईमेलमधून, कधी थेट कारखान्याच्या फाटकावर मला तेच ते प्रश्न विचारले जातात. विचारणाऱ्यांत उद्योजक असतात, नोकरदार असतात, विद्यार्थी असतात आणि चळवळीतले नाराज सहकारीही असतात. उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे टिपण. माझा कल आधीच सांगून टाकते: कंपनीचा गुळगुळीत कागदावरचा शाश्वतता अहवाल मी सगळ्यात शेवटी वाचते. आधी भांडवली खर्चाचे आणि खरेदीचे आकडे मागते. पुढची २०-२५ वर्षं किती उत्सर्जन होणार हे तिथे ठरतं, अहवालात ते फक्त छापलं जातं.

तुम्ही नेमकं काय काम करता?

बराचसा वेळ कागद वाचण्यात जातो. वीजबिलं, इंधनाच्या पावत्या, शीतकरण यंत्रांच्या देखभालीच्या नोंदी, पुरवठादारांशी झालेले करार. त्यातून कंपनी हवेत किती हरितगृह वायू सोडते याचा हिशेब लागतो. मग अभियंत्यांसोबत बसून यातलं काय आजच्या आज, हाताशी असलेल्या तंत्राने कमी होईल ते शोधायचं. कंपनीने ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर तिचे भागधारक, तिला कर्ज देणाऱ्या बँका आणि तिचे मोठे ग्राहक यांच्यापुढे तेच आकडे मांडायचे. वरवर हे सल्लागाराचं काम वाटेल, पण सल्लागाराला पुढचं कंत्राट मिळवायचं असतं. मला ती चिंता नाही.

कंपन्यांकडून पैसे घेता का?

नाही. या बाबतीत माझ्यापुढे १९९० सालचा दाखला आहे. एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड या अमेरिकी संस्थेने मॅकडोनाल्ड्सबरोबर काम केलं आणि एक पैसाही घेतला नाही. त्याच वर्षी कंपनीने बर्गरची पॉलिस्टायरिनची खोकी बंद करून कागदी वेष्टन आणलं. पैसे घेतले असते तरी खोकी गेली असती, असं म्हणता येईल. पण मग त्या निर्णयावर विश्वास कोणी ठेवला असता?

कंपन्यांसोबत बसणं म्हणजे चळवळीशी गद्दारी नाही का?

हा प्रश्न आमच्याच माणसांकडून येतो आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं की आत बसणाऱ्याच्या शब्दाला वजन येतं ते बाहेर उभ्या असलेल्यांमुळे. फाटकाबाहेर कोणीच घोषणा देत नसेल तर आतल्या बैठकीत फक्त चहा होतो.

दोन घटना शेजारी ठेवून पाहा. १९९५ मध्ये शेल कंपनी उत्तर समुद्रातला ब्रेंट स्पार नावाचा निकामी तेलसाठ्याचा तरंगता सांगाडा खोल समुद्रात बुडवणार होती. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेचे कार्यकर्ते त्यावर चढून बसले, जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांवर बहिष्कार टाकला आणि जूनमध्ये कंपनीने बेत सोडला. हा बाहेरचा दबाव. त्याच संघटनेने त्याआधी, १९९२-९३ मध्ये, अगदी वेगळी चाल खेळली होती. फ्रिजमधल्या, ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या सीएफसी वायूंना पर्याय म्हणून रसायन कंपन्या एचएफसी पुढे करत होत्या. ओझोनच्या दृष्टीने ते निर्धोक, पण तापमानवाढीच्या दृष्टीने भयंकर. ग्रीनपीसने पूर्व जर्मनीतली, बंद पडायला आलेली फोरॉन ही फ्रिज कंपनी गाठली, डॉर्टमुंडच्या शास्त्रज्ञांची तिच्याशी गाठ घालून दिली आणि शीतकरणासाठी हायड्रोकार्बन वायू वापरणारा फ्रिज बाजारात आणवला. मोठ्या कंपन्या आधी म्हणाल्या की हा फ्रिज पेट घेईल. मग गपचूप त्यांनीही तोच मार्ग धरला. आज जगभरात घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन हा हायड्रोकार्बन सर्रास वापरला जातो. त्या तंत्राचं पेटंट मुद्दाम घेतलं नव्हतं. माझ्या मते चळवळीने उद्योगात केलेलं हे सर्वांत मोठं काम, आणि त्याची आठवण सर्वांत कमी काढली जाते.

ब्रेंट स्पारबाबत एक पुस्ती जोडायला हवी. सांगाड्यात किती तेल उरलंय याचा ग्रीनपीसचा अंदाज चुकीचा निघाला आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. मुद्दा बरोबर असूनही आकडा चुकला की समोरच्याला आयतं कोलीत मिळतं. म्हणून मी आकड्यांच्या बाबतीत छळवादी आहे.

कंपनीने सुरुवात कुठून करायची?

हिशेबापासून. त्यासाठी जगभर ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल वापरतात. त्याचं पहिलं कंपनी-मानक २००१ मध्ये आलं. त्यात उत्सर्जनाचे तीन कप्पे आहेत. स्कोप १ म्हणजे तुमच्या बॉयलरमध्ये, जनरेटरमध्ये, गाड्यांमध्ये जळलेलं इंधन आणि तुमच्या यंत्रांतून गळलेले वायू. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, वाफ किंवा थंडावा. बाकीचं सगळं स्कोप ३: कच्चा माल, मालवाहतूक, कर्मचाऱ्यांचे प्रवास, विकलेल्या मालाचा वापर आणि शेवटी त्याची विल्हेवाट.

पहिल्या दोन कप्प्यांचा कच्चा हिशेब एक लेखनिक आणि वर्षभराची बिलं एवढ्यावर आठवड्याभरात होतो. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको.

एक लिटर डिझेलचं वजन किलोभरही नाही, मग त्यातून अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड कसा निघतो?

लेखा विभागातली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि ती आकड्याकडे डोळसपणे बघतात याचा मला आनंद होतो. लिटरभर डिझेल भरतं साधारण ८४० ग्रॅम. त्यातला सुमारे ७२० ग्रॅम कार्बन असतो. जळताना कार्बनच्या प्रत्येक अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात. कार्बनचं अणुभार १२, तयार होणाऱ्या रेणूचं वजन ४४. म्हणजे वजन ३.६७ पट होतं. ७२० ग्रॅमला ३.६७ ने गुणा, २.६ किलोच्या पुढेच उत्तर येईल. जादाचं वजन हवेतून आलेलं असतं.

स्कोप ३ टाळता येईल का? आमचं त्यावर नियंत्रण नाही.

नियंत्रण नसेल, प्रभाव असतो. याच प्रोटोकॉलच्या २०११ च्या मानकात स्कोप ३ चे १५ प्रकार दिले आहेत. सगळे एकदम मोजायला गेलात तर दोन वर्षं तक्ते भरण्यात जातील आणि हाती काही लागणार नाही. खरेदीची यादी घ्या, रकमेनुसार उतरत्या क्रमाने लावा, वरचे दहा-वीस पुरवठादार पकडा. बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त उत्सर्जन तिथेच सापडतं.

टाळण्याचा मोह कुठे होतो तेही सांगते. तेल कंपनी स्वतःच्या शुद्धीकरण कारखान्यातलं उत्सर्जन कमी करते आणि त्याची जाहिरात करते. तिने विकलेलं तेल ग्राहकाने जाळल्यावर जे बाहेर पडतं ते स्कोप ३ मध्ये, आणि सगळा खेळ तर तिथेच आहे. कपडे विकणाऱ्या कंपनीचंही तसंच. तिची दुकानं सौरऊर्जेवर चालली तरी सूत, विणकाम आणि रंगाई दुसऱ्यांच्या कारखान्यात, कोळशाच्या वाफेवर होत असतात. स्कोप ३ न सांगणारी कंपनी अर्धं ताट झाकून जेवण दाखवते, असं माझं मत आहे.

पुरवठादाराला नुसती प्रश्नावली पाठवून काही होत नाही. त्याच्याकडे तसल्या वीस आलेल्या असतात. ‘उत्सर्जन कमी करणारी भट्टी बसव, मी पाच वर्षांचा खरेदी करार करते’ असं म्हणणारा ग्राहक मिळाला की बँकही त्याला कर्ज देते. तुमच्या खरेदी अधिकाऱ्याची वेतनवाढ फक्त स्वस्तात माल आणण्यावर ठरत असेल, तर पर्यावरण विभागाने कितीही पत्रं लिहिली तरी व्यर्थ.

आमचा कारखाना लहान आहे. आमच्याच्याने काय होणार?

मोठ्यांपेक्षा लवकर होईल. मालक आणि देखभाल करणारा माणूस यांच्यात चार पायऱ्या नसतात.

मी आत गेले की आधी कॉम्प्रेसरकडे जाते. दाबाखालची हवा ही कारखान्यातली सगळ्यात महाग ऊर्जा. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला जेमतेम १०-१५ टक्के भाग हत्यारापर्यंत कामाच्या रूपाने पोचतो, उरलेल्याची उष्णता होते. आणि तयार झालेल्या हवेतलीही २०-३० टक्के गळून जाणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तपासणी फुकट होते. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा. हवा कोणीच वापरत नाही, म्हणजे दाब भरला की त्याने गप्प बसायला हवं. घड्याळ लावा. दहा मिनिटांत तो एकूण तीन मिनिटं भार घेत असेल तर त्याच्या क्षमतेतली ३० टक्के हवा नुसती गळतेय. मग शांततेत कान देऊन फिरा. फुसफुस ऐकू येईल तिथे साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतात. ७ बार दाबावर ३ मिलिमीटरचं एक भोक सतत ३ ते ४ किलोवॅट खातं. वर्षभर अखंड चालणाऱ्या ठिकाणी ही २५ हजारांहून अधिक युनिटं झाली, एका भोकाची. वर दाबही अनेक ठिकाणी उगाच चढवून ठेवलेला असतो. एक बार खाली आणला तर वीज साधारण ७ टक्क्यांनी वाचते.

पुढे पंखे आणि पंप. मोटर पूर्ण वेगाने फिरवायची आणि प्रवाह कमी करायला पुढे झडप आवळायची, हा प्रकार जगभर चालतो. पंख्याला किंवा केंद्रोत्सारी पंपाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला की शक्ती जवळपास निम्म्यावर येते. त्यासाठी वेग बदलणारी ड्राइव्ह बसवावी लागते. प्रवाह कमी-जास्त होत असेल तर ती आपली किंमत लवकर भरून काढते. प्रवाह कायम एकसारखा असेल तर ड्राइव्ह नको, योग्य मापाचा पंप घ्या. विक्रेता हे सांगणार नाही.

नळ्यांचा एक किस्सा मी प्रत्येक ठिकाणी सांगते. इंटरफेस ही गालिचे बनवणारी कंपनी. तिचे संस्थापक रे अँडरसन यांनी १९९४ मध्ये कंपनीची दिशाच बदलली. तिच्या शांघायच्या कारखान्यात पंपांसाठी मूळ आराखड्यात ९५ अश्वशक्ती धरली होती. यान शिल्हॅम या अभियंत्याने दोन साध्या गोष्टी केल्या. नळ्या जाड घेतल्या, आणि आधी नळ्यांचा मार्ग आखून मग यंत्रं ठेवली, म्हणजे वळणं कमी झाली. काम ७ अश्वशक्तीत भागलं. घर्षणाचा तोटा नळीच्या व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने घटतो, हे पाठ्यपुस्तकात असतंच. पण नळीची किंमत एका खात्यात पडते आणि विजेचं बिल दुसऱ्या खात्यात, म्हणून ते कोणी वापरत नाही. मी भांडवली खर्चाचे कागद का मागते ते इथे कळावं.

बॉयलर, वाफेच्या उघड्या (आवरण नसलेल्या) झडपा, बिघडलेले स्टीम ट्रॅप (वाफेचं साचलेलं पाणी बाहेर काढणारे) यांवर इथे लिहीत नाही. झडपेवर उबदार गोधडी घालायची कल्पना कुठल्याही चांगल्या फिटरला माहीत असते. त्याला कोणी विचारलेलं नसतं.

शीतकरणाच्या वायूचा एवढा बाऊ का?

कारण तो दिसत नाही आणि त्याचा वास येत नाही. शीतगृहांत बराच वापरला गेलेला आर-४०४ए हा वायू घ्या. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या चौथ्या अहवालातल्या गुणकानुसार १०० वर्षांच्या काळात तो कार्बन डायऑक्साइडच्या ३,९२२ पट उष्णता अडवतो. एक किलो गळला की सुमारे १,४६० लिटर डिझेल जाळल्याएवढा परिणाम झाला. कंपनीला विचारा, गेल्या वर्षी किती किलो वायू ‘टॉप-अप’ केला? जेवढा भरला तेवढा गळला होता. ही नोंद देखभालीच्या वहीत असते, अहवालात क्वचितच.

ओझोन वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल करारात २०१६ मध्ये झालेल्या किगाली दुरुस्तीनुसार देशांनी एचएफसी टप्प्याटप्प्याने कमी करायचं मान्य केलंय. नवं यंत्र घेताना अमोनिया, प्रोपेन किंवा खुद्द कार्बन डायऑक्साइडवर चालणारं मिळतं का ते पाहा. अमोनिया विषारी आणि प्रोपेन ज्वलनशील असल्यामुळे प्रशिक्षित माणूस हवाच, त्यात तडजोड नको.

छतावर सौर पॅनेल बसवले, हरित वीज घेतली. झालं ना आमचं?

स्कोप २ चा काही भाग झाला. छतावरची वीज खरीच चांगली, तिच्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो प्रमाणपत्रांबद्दल, म्हणजे दुसरीकडे तयार झालेली हरित वीज तुमच्या नावावर दाखवणाऱ्या कागदांबद्दल. प्रोटोकॉलच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे स्कोप २ दोन पद्धतींनी सांगावा लागतो. एक, तुमच्या भागातल्या वीजजाळ्याच्या सरासरीने. दुसरी, तुम्ही केलेल्या करारांप्रमाणे. कंपन्या दुसरा आकडा ठळक छापतात, कारण स्वस्त प्रमाणपत्रं विकत घेतली की तो शून्यावर येतो. रात्रीच्या पाळीला मात्र तारेतून कोळशाचीच वीज येत असते. दोन्ही आकडे मागा. त्यांच्यात फार अंतर असेल तर विचारा की या पैशातून नवा प्रकल्प उभा राहिला, की आधीच चालू असलेल्या धरणाच्या विजेचा कागद घेतला?

‘कार्बन न्यूट्रल’ आणि ‘नेट झिरो’ यांत फरक काय?

पहिल्यात कंपनी आहे तेवढंच उत्सर्जन करत राहून तेवढी क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे कोणीतरी केलेल्या कपातीची प्रमाणपत्रं, विकत घेऊ शकते. दुसऱ्याला थोडी शिस्त आहे. कंपन्यांची हवामान लक्ष्यं तपासणाऱ्या सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्हने ऑक्टोबर २०२१ मध्ये आणलेल्या मानकाप्रमाणे बहुतेक कंपन्यांनी २०५० पर्यंत स्वतःच्या साखळीतलं उत्सर्जन किमान ९० टक्क्यांनी घटवायचं आणि उरलेल्या थोडक्यासाठीच हवेतून कार्बन काढून साठवायचा. युरोपीय संघाने तर निव्वळ ऑफसेटच्या, म्हणजे अशा विकत घेतलेल्या क्रेडिटच्या, जोरावर एखादी वस्तू ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणून विकायला बंदी घातली आहे. तो नियम सप्टेंबर २०२६ पासून लागू होतो.

२०५० चं लक्ष्य सांगणाऱ्या अध्यक्षांना मी एकच विचारते: तेव्हा तुम्ही कुठे असाल? २०२७ चा आकडा द्या.

झाडं लावली तर चालेल का?

झाडं लावा. जमिनीसाठी, पाण्यासाठी, पाखरांसाठी लावा. पण त्यांच्या नावाने कोळसा जाळू नका. खनिज इंधनातून हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतकं तिथेच राहतो, काही तर हजार वर्षांनंतरही. झाडात साठलेला कार्बन वणव्यात एका दुपारी परत बाहेर पडतो. कॅलिफोर्नियात क्रेडिट विकलेली जंगलं वणव्यांत जळाली आहेत.

तरी क्रेडिट घ्यायचीच असतील तर विक्रेत्याला कोंडीत पकडा. हे पैसे मिळाले नसते तर ही कपात झालीच नसती, याचा पुरावा काय? इथलं जंगल वाचवल्यावर तोड पलीकडच्या डोंगरावर तर गेली नाही ना? हीच कपात त्या देशाचं सरकारही आपल्या नावावर मांडतंय का? आणि जंगल जळालं तर भरपाई कोण करणार? चारही प्रश्नांना सरळ उत्तर देणारे प्रकल्प आहेत, पण ते स्वस्त नसतात. फार स्वस्त क्रेडिट दिसलं की मी पुढे वाचत नाही.

ग्रीनवॉशिंग, म्हणजे पर्यावरणप्रेमाचा नुसता देखावा, ओळखायचं कसं?

जे वेस्टरवेल्ड या कार्यकर्त्याने १९८६ मध्ये हॉटेलातल्या ‘पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा’ या पाटीवर बोट ठेवलं होतं. हॉटेलाची धुलाई वाचत होती, बाकी कारभार जिथल्या तिथे. आता पाट्या जास्त चकचकीत झाल्यात इतकंच.

मी बघते ते असं. ‘प्रति टन उत्पादन उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटलं’ असं वाचलं की एकूण टन किती ते शोधते. उत्पादन दुप्पट झालं असेल तर एकूण उत्सर्जन ४० टक्क्यांनी वाढलंय, कारण २ गुणिले ०.७ म्हणजे १.४. वातावरणाला प्रति टनाचा हिशेब कळत नाही. कार्यक्षमता वाढली की वापरही वाढतो, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी कोळशाबाबत १८६५ मध्येच दाखवून दिलं होतं. मग आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना केलीय ते, तपासते. उत्सर्जन सर्वांत जास्त असलेलं वर्ष मुद्दाम निवडलंय का? मधल्या काळात प्रदूषण करणारा विभाग विकून तर टाकला नाही? विकलेली भट्टी नव्या मालकाकडे पूर्वीसारखीच धगधगत असते.

यानंतर पैसा. या वर्षीच्या भांडवली खर्चातला किती हिस्सा उत्सर्जन घटवणाऱ्या कामांवर आहे आणि किती नव्या बॉयलर, नव्या तेलविहिरी, नव्या भट्ट्यांवर? वरिष्ठांच्या बोनसमध्ये हवामानाच्या लक्ष्याला किती वजन आहे? कंपनी ज्या उद्योग संघटनेची वर्गणी भरते ती संघटना हवामान कायद्यांना विरोध करते का? या तीन उत्तरांनंतर अहवाल उघडायचा.

सिमेंट आणि पोलाद यांचं काय? तिथे तर पर्यायच नाही म्हणतात.

अवघड आहे, पण पर्याय नाही हे खरं नाही. सिमेंटचं सुमारे ६० टक्के उत्सर्जन इंधनातून होतच नाही. चुनखडी तापवल्यावर ती स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते, हजार किलो शुद्ध चुनखडीमागे ४४० किलो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हे थांबणार नाही. म्हणून क्लिंकरच, म्हणजे चुनखडी भाजून केलेला सिमेंटचा मूळ घटक, कमी वापरायचा. भाजलेली माती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून केलेलं एलसी३ सिमेंट उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत कमी करू शकतं आणि त्याला लागणारी माती जगात मुबलक आहे. अडथळा बहुतेक वेळा बांधकामाच्या निविदेत असतो. तिथे जुन्याच सिमेंटचं नाव लिहिलेलं असतं आणि ते बदलायला अभियंता धजत नाही.

पोलादात भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्या हा जुना आणि सिद्ध मार्ग. पण भंगार सगळ्यांना पुरत नाही. खनिजापासून लोखंड काढायला कोळशाऐवजी हायड्रोजन वापरता येतो. स्वीडनमधल्या हायब्रिट प्रकल्पाने २०२१ मध्ये ते करून दाखवलं.

मग सगळीकडे हायड्रोजनच का नको? आणि हवेतून कार्बन शोषणारी यंत्रं?

विजेपासून एक किलो हायड्रोजन बनवायला ५० ते ५५ युनिट लागतात, त्यात ऊर्जा साठते ३३ युनिटांची. पाणी गरम करायला हे करणं म्हणजे वेडेपणा. तीच वीज उष्णता पंपाला, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आणणाऱ्या यंत्राला, द्या, एका युनिटमागे तीन-चार युनिट उष्णता मिळेल. हायड्रोजन खत आणि पोलादासाठी राखून ठेवावा.

हवेतून कार्बन शोषणाऱ्या आइसलंडमधल्या ‘मॅमथ’ प्रकल्पाची आखलेली क्षमता वर्षाला ३६ हजार टन आहे. जग खनिज इंधनांतून वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास सोडतं. म्हणजे वर्षभराची मेहनत जगाच्या अर्ध्या मिनिटाला पुरते. संशोधन चालू राहावं, भरवसा ठेवू नये.

कोर्टात जाऊन काही होतं का?

होतं, पण सरळ रेषेत नाही. २६ मे २०२१ ला हेगच्या न्यायालयाने शेलला २०३० पर्यंत उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवायला सांगितलं. खटला मिल्यूडेफेन्सी या डच संघटनेने भरला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो विशिष्ट आकडा रद्द केला. मात्र धोकादायक हवामानबदल रोखण्यासाठी कंपनीची स्वतःची जबाबदारी असते, हे त्यानेही मान्य केलं. पुढच्या खटल्यांत हे वाक्य कामाला येईल.

भागधारकांच्या मार्गाचंही असंच. २०२१ मध्ये इंजिन नंबर वन या छोट्या गुंतवणूक संस्थेने एक्झॉनमोबिल या तेल कंपनीचे फक्त ०.०२ टक्के शेअर हातात असताना संचालक मंडळावर तीन माणसं निवडून आणली. तेव्हा मोठा जल्लोष झाला. एक्झॉनमोबिलने २०२४ मध्ये पायोनियर ही आणखी एक तेल कंपनी विकत घेतली. खुर्च्या बदलल्या, भांडवली खर्चाची दिशा तीच राहिली.

सध्या कारखानदारांना सर्वांत जास्त हलवणारी गोष्ट म्हणजे युरोपीय संघाचा सीमेवरचा कार्बन कर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावर तो बनवताना झालेल्या उत्सर्जनानुसार लागणारा कर. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यावी लागत होती, जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज त्यात येतात. या करावर गरीब देशांचे आक्षेप आहेत आणि त्यातले काही मला पटतात. पण मीटर बसवायला वर्षानुवर्षं टाळाटाळ करणारे निर्यातदार आता स्वतः फोन करतात, हेही खरं.

मी साधा नोकरदार आहे. मी काय करू?

एकट्याने बोलू नका. २०१९ मध्ये ॲमेझॉनच्या ८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी हवामान धोरणासाठी उघड पत्रावर सह्या केल्या आणि २० सप्टेंबरला काम सोडून बाहेर पडायचं ठरवलं. आदल्या दिवशी कंपनीने २०४० पर्यंत नेट झिरोची घोषणा केली. पुढच्या काही वर्षांत तिचं एकूण उत्सर्जन वाढलं, म्हणून घोषणेवर थांबू नये. पण घोषणाच नसती तर बोट कशावर ठेवलं असतं?

तुमच्या हातात असलेल्या कामापासून सुरू करा. निविदा लिहीत असाल तर तिच्यात उत्सर्जनाची अट घाला. हिशेब बघत असाल तर वीजबिलाचा खर्च विभागवार वाटा, म्हणजे कोण किती उधळतं ते दिसेल. मालवाहतूक बघत असाल तर विमानाने जाणारा माल शोधा. समुद्रमार्गे त्याच मालाचं उत्सर्जन कित्येक पटींनी कमी असतं, आणि विमानाची घाई बऱ्याचदा कोणीतरी ऑर्डर उशिरा दिल्यामुळे झालेली असते.

आणि ग्राहक म्हणून?

कमी विकत घ्या, जास्त वापरा, दुरुस्त करा. पानभर लेबलं वाचत बसू नका.

निराशा येत नाही?

२०२४ हे औद्योगिकपूर्व काळाच्या तुलनेत दीड अंशाच्या वर गेलेलं पहिलं वर्ष ठरलं. हे वाचून चांगलं वाटण्याचं कारण नाही. त्याच वेळी २०१० नंतरच्या तेरा-चौदा वर्षांत सौर विजेचा खर्च सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. मी कामाला लागले तेव्हा सौरऊर्जेचं नाव काढलं की लेखाधिकारी हसायचे, आता तेच प्रस्ताव घेऊन येतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मूड कसाही असला तरी सोमवारी कुठल्या तरी कारखान्याची बिलं तपासायची असतातच.

आमच्या कंपनीत बोलायला याल का?

येईन. भाषण नको, काम करू. बारा महिन्यांची वीजबिलं आणि इंधनाच्या पावत्या, शीतकरण वायू भरल्याच्या नोंदी आणि पुढच्या तीन वर्षांत घ्यायच्या यंत्रांची यादी काढून ठेवा. जनसंपर्क अधिकारी आले नाहीत तरी चालेल. खरेदी प्रमुख, वित्त प्रमुख आणि देखभालीचा सर्वांत जुना माणूस मात्र हवेत. फोटो काढू नका, बातमी देऊ नका. सहा महिन्यांनी आकडे हलले तर तेव्हा बघू. जे दिसेल ते बाहेर सांगण्याचा हक्क माझ्याकडे राहील, हे आधी लेखी मान्य करावं लागेल. इथे बऱ्याच कंपन्या थांबतात. ज्या थांबत नाहीत, त्यांनी पुढच्या महिन्यातली तारीख कळवावी आणि शक्यतो कारखाना चालू असेल तो दिवस निवडावा.